प्रतीक्षा यादीत पहिली, पण फाइल हलत नाही

आदरणीय ताई,

मी लातूर जिल्ह्यातली, वय 41, दोन मुलं. राज्य शासनाच्या एका विभागाच्या गट-क पदासाठी ओबीसी प्रवर्गातून परीक्षा दिली. ओबीसी महिलांच्या चार जागा होत्या. निवड झालेल्या चौघींचे गुण 154, 151, 149 आणि 147. मला 146. प्रतीक्षा यादीत मी पहिली. अंतिम यादी लागून दहा महिने झाले. 147 गुणांच्या मुलीने रुजू होऊन चार महिन्यांत दुसऱ्या नोकरीसाठी राजीनामा दिला. कार्यालयात गेले तर तोंडी सांगतात, "ती रुजू झाली तेव्हाच जागा भरली, आता प्रतीक्षा यादीचा संबंध नाही." तीन निवेदनं दिली, पोच आहे, उत्तर नाही.

दुसरं असं की खुल्या महिलांमध्ये शेवटची निवड 142 गुणांवर झालीय. त्यावर म्हणतात, "तुम्ही ओबीसीतून फॉर्म भरला, ती यादी वेगळी." 154 आणि 151 गुणांच्या दोघी माझ्याच अभ्यासिकेतल्या, पंचविशीच्या आतल्या. त्यांच्याविरुद्ध जायचं मनात येत नाही. प्रतीक्षा यादीतले बाकीचे वर्गणी काढून एकत्र केस करताहेत, सगळ्यांनाच सामावून घ्या म्हणून. एक गृहस्थ म्हणतात मंत्रालयात ओळख आहे, तीन लाखांत काम होईल. घरी म्हणतात, नशिबात नव्हतं. पुढची जाहिरात आली आणि मी अर्ज भरला तर इथला हक्क जाईल का? जाहिरात, याद्या आणि निवेदनांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

– एक वाचक


नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचे कागद दोन्ही नीट वाचले. पहिली गोष्ट नशिबाची. चार जागांपैकी एक रिकामी आहे, तुम्ही पुढच्या क्रमांकावर आहात आणि यादीची मुदत अजून संपलेली नाही. हा कागदांचा आणि तारखांचा प्रश्न आहे. तुमच्या हातात दोन महिने उरलेत आणि मला काळजी आहे ती त्या दोन महिन्यांची.

कार्यालयातला माणूस जे सांगतो त्याला थोडा आधार आहे, म्हणून ते आधी समजून घ्या. 2001 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रघबीर चंद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पहिला उमेदवार नेमला गेला आणि रुजू झाला की त्या जागेपुरतं निवड यादीचं काम संपतं. त्याने नंतर राजीनामा दिला म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ती जागा मागता येत नाही. हा सर्वसाधारण नियम झाला. पण नेमणूक करणाऱ्यानेच वेगळं लिहून ठेवलं असेल तर ते लिहिलेलं चालतं. तुम्ही जोडलेल्या जाहिरातीत शेवटून दुसऱ्या पानावर निवड यादीच्या वैधतेचं कलम आहे. यादी एक वर्ष वैध राहील, आणि त्या काळात उमेदवार रुजू झाला नाही, अपात्र ठरला किंवा रुजू होऊन त्याने राजीनामा दिला, तर पद त्याच प्रवर्गाच्या प्रतीक्षा यादीतून भरलं जाईल, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. हे कलम तुमच्या नजरेतून सुटलं असावं, कारण तीनपैकी एकाही निवेदनात त्याचा उल्लेख नाही. तुमची निवेदनं विनंतीची आहेत: परिस्थिती हलाखीची आहे, वय निघून चाललंय, सहानुभूतीने विचार व्हावा. हे सगळं खरं आहे, पण त्यावर अधिकाऱ्याला काहीच ठरवायची गरज पडत नाही. कलमाचा क्रमांक घालून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून चौथं निवेदन या आठवड्यात द्या आणि ते एका पानाचं ठेवा. अमुक क्रमांकाची जाहिरात, अमुक कलम, राजीनामा मंजूर झाल्याची तारीख, त्या तारखेला यादी वैध होती ही बाब, प्रतीक्षा यादीत तुमचा पहिला क्रमांक आणि यादी संपण्याची तारीख. शेवटी एवढंच मागा की पंधरा दिवसांत नियुक्तीची कार्यवाही करावी, नाहीतर नकाराची कारणं लेखी द्यावीत. नियुक्ती प्राधिकारी आणि विभागाचं मंत्रालयातलं कार्यालय, दोन्हीकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे: हक्क आहे का? यादीत नाव आलं म्हणून नोकरीचा पक्का हक्क तयार होत नाही. 1991 मध्ये शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे ठरवलं आणि ते आजही कायम आहे. निवड यादीतल्याला पक्का हक्क नाही, मग प्रतीक्षा यादीतल्याचं काय सांगावं, असं सरकारी वकील तुमच्यासमोर म्हणणारच. पण त्याच निकालात पुढे म्हटलंय की सरकारला मनमानी करता येणार नाही. पदं न भरण्याचा निर्णय प्रामाणिक असावा आणि त्याला योग्य कारणं असावीत. लोक पहिलं वाक्य ऐकून घरी परततात, पण तुमची बाजू दुसऱ्या वाक्यावर उभी राहते. 7 नोव्हेंबर 2024 ला तेज प्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच धरलं: सरकारला योग्य कारणासाठी पदं रिक्त ठेवता येतात, पण पदं रिक्त असताना यादीत विचारार्थ असलेल्याला मनमानीने डावलता येत नाही. तुमच्या बाबतीत तर कारण चांगलं की वाईट हे ठरवायलाही जागा नाही, कारण कारणच दिलेलं नाही.

मुदतीबद्दल बोलते, कारण प्रतीक्षा यादीतली बरीच चांगली प्रकरणं इथेच हातची जातात. निवेदनामागून निवेदन दिलं की आपण लढतोय असं वाटत राहतं. कायद्याच्या लेखी तेवढ्याने काही थांबत नाही. पुन्हापुन्हा निवेदनं देऊन मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सी. जेकब प्रकरणात आणि त्यानंतरही सांगितलंय. तुमचं पद राज्य शासनाच्या सेवेतलं आहे, म्हणून दाद मागायची जागा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची, आपण ज्याला मॅट म्हणतो त्याची, आणि लातूरसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची. (पद जिल्हा परिषदेचं किंवा महानगरपालिकेचं असतं तर उच्च न्यायालयात जावं लागलं असतं. तुमच्यासारख्या इतर वाचकांनी हा फरक आधी तपासावा, चुकीच्या दारात महिने जातात.) 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यानुसार ज्या आदेशाने तक्रार निर्माण झाली त्यापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. निवेदनाला उत्तर नसेल तर सहा महिने थांबून पुढच्या एका वर्षात जाता येतं. पण तुम्ही सहा महिने थांबलात तर यादीच मरते. या कायद्यात निवेदनाचा मार्ग आधी संपवावा असं म्हणताना 'साधारणतः' हा शब्द आहे, त्यामुळे यादी संपत आल्याचं कारण दाखवून त्याआधी जाता येतं. तुमच्या वकिलांनी ही तातडी अर्जाच्या पहिल्याच पानावर मांडायला हवी. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सोळाव्या दिवशी अर्ज तयार असला पाहिजे.

यादी संपण्याच्या आत अर्ज दाखल झाला आणि निकाल पुढे लागला, तर? इथे महाराष्ट्रातलाच एक निकाल तुमच्या कामाचा आहे. पुरुषोत्तम विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, 1999. राखीव पदावर निवड झालेल्या उमेदवाराला मंडळाने चुकीच्या निर्णयाने नेमणूक नाकारली आणि नंतर यादीची मुदत संपली, जागा दुसऱ्याने भरली, असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही: ज्याला चुकीने बाहेर ठेवलं त्याचा हक्क यादी संपल्याच्या सबबीवर हिरावता येत नाही. तो उमेदवार निवड यादीतला होता, तुम्ही प्रतीक्षा यादीतल्या आहात, हा फरक समोरचे दाखवतील. म्हणून निकालाच्या भरवशावर न राहता अंतरिम आदेश मागा, की अर्ज निकाली निघेपर्यंत ओबीसी महिलेचं ते एक पद रिक्त ठेवावं आणि नव्या मागणीपत्रात, म्हणजे पुढच्या भरतीसाठी विभाग कळवतो त्या पदांच्या यादीत, धरू नये. एका पदापुरती मागणी असली की असा आदेश मिळण्याची शक्यता जास्त असते.

आता 142 गुणांची गोष्ट. ती तुम्ही 'दुसरं असं की' म्हणून मध्येच लिहिली आहे, पण माझ्या मते सगळ्या पत्रात ती सर्वांत वजनदार आहे.

खुली जागा म्हणजे आरक्षण नसलेल्यांसाठी राखून ठेवलेली जागा, असा समज कार्यालयांतही घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे. खुली जागा सर्वांसाठी खुली. मागास प्रवर्गातला उमेदवार गुणांवर तिथे बसला तर तो खुल्यातच मोजला जातो, आपल्या प्रवर्गाची जागा अडवत नाही. उभ्या आरक्षणाबद्दल, म्हणजे एससी, ओबीसी अशा प्रवर्गांच्या आरक्षणाबद्दल, हे 1992 च्या इंद्रा साहनी निकालापासून स्पष्ट आहे. घोळ होत राहिला तो महिला, माजी सैनिक, खेळाडू यांच्या समांतर आरक्षणात, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत ठेवलेल्या जागांत. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागा भरताना ओबीसी, एससी महिलांना बाजूला ठेवून फक्त 'खुल्या' महिलाच घ्यायच्या, असं अनेक भरत्यांत झालं. त्यातून विचित्र चित्र तयार होतं: खुल्या महिलांचा कट-ऑफ खाली आणि ओबीसी महिलांचा वर. तुमच्या यादीत नेमकं तेच दिसतंय. आपल्याकडे 13 ऑगस्ट 2014 च्या शासन निर्णयाच्या अंमलबजावणीवरून हा वाद पेटला, 19 डिसेंबर 2018 च्या शासन निर्णयाने शासनाने खुलासा केला आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खुल्या महिलांची जागा सर्व प्रवर्गांतील महिलांना खुली असल्याचं धरलं. पुढे 18 डिसेंबर 2020 ला सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे पोलीस शिपाई भरतीत ओबीसी महिलांना खुल्या गटात निवडलेल्या शेवटच्या महिलेपेक्षा जास्त गुण होते, तरी त्यांना बाहेर ठेवलं होतं. न्यायालयाने त्यांना नेमणूक द्यायला सांगितलं. आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं: आधी नेमलेल्या खुल्या गटातल्या महिलांना काढलं नाही.

पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे, ती लपवत नाही. तुमचं वय 41. खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38, मागासवर्गीयांची 43. म्हणजे तुम्ही वयाची सवलत घेऊन परीक्षेला बसलात. जाहिरातीत म्हटलंय की खुल्या जागेसाठी, खुल्या प्रवर्गाच्या वयाच्या आणि इतर अटी पूर्ण करणाऱ्यांचाच विचार होईल, मग ते कोणत्याही प्रवर्गाचे असोत. अशी अट असेल तर ती चालते, हे 2017 च्या दीपा ई. व्ही. निकालातून दिसतं. म्हणजे "मला 146, तिला 142, मला खुल्यात घ्या" ही मागणी तुमच्या तोंडी टिकणार नाही. कुणी तसा अर्ज लिहून दिला तर सही करू नका.

टिकणारी मागणी वेगळी आहे. तुमच्या अभ्यासिकेतल्या दोघींना वयाची सवलत लागलेली नाही. इतर अटीही पूर्ण होत असतील तर 154 आणि 151 गुणांवर त्या खुल्या महिलांच्या जागांवर मोजल्या जायला हव्या होत्या. फॉर्मवर ओबीसी लिहिलं म्हणून खुल्या जागेवरचा हक्क सोडला असं होत नाही. त्या दोघी खुल्यात गेल्या की ओबीसी महिलांच्या दोन जागा मोकळ्या होतात, आणि पहिली तुमची. म्हणजे यादी नीट लावली असती तर तुम्ही प्रतीक्षा यादीत नसताच, निवड यादीत असता. या दाव्याला प्रतीक्षा यादीच्या मुदतीशी देणंघेणं नाही, मात्र अंतिम यादीपासून मॅटचं एक वर्ष इथेही मोजलं जातं. त्यालाही दोनच महिने उरलेत.

मैत्रिणींबद्दलचा तुमचा संकोच मला समजतो आणि आवडतोही. पण बघा, त्यांची नोकरी जात नाही. त्यांचा फक्त रकाना बदलतो. त्यांना आधी घरी जाऊन हे समजावून सांगा, नोटीस अचानक हातात पडू देऊ नका. ज्यांना खरी झळ लागू शकते त्या खुल्या महिलांच्या यादीतल्या शेवटच्या निवड झालेल्या उमेदवार, ज्यांना तुम्ही ओळखतही नाही. त्यांनीही अभ्यास केलाय आणि चूक त्यांची नाही. म्हणून त्यांना काढा असं न मागता मला सामावून घ्या असं मागा. सौरव यादव निकालाचा आधार आहेच. त्यांना प्रतिवादी मात्र करावंच लागेल. ज्याच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो त्याला ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही, हे 1984 च्या प्रबोध वर्मा निकालापासून पक्कं आहे. संकोचापोटी नावं वगळली तर चांगलं प्रकरण तेवढ्यावरच फेटाळलं जाऊ शकतं.

मी असते तर अर्जात राजीनाम्याची रिकामी जागा ही पहिली मागणी ठेवली असती आणि यादीच्या चुकीची मागणी पर्यायी म्हणून दुसरी. पहिलीत कुणाचंच काही हलत नाही, न्यायाधिकरणाला ती देणं सोपं जातं. तुमचे वकील वेगळं सुचवतील तर त्यांचं ऐका, पण दोन्ही मागण्या एकाच अर्जात असू द्या.

कागद आजपासून गोळा करा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागा: राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश, मागणीपत्र, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी हे दाखवणारी नोंद) आणि तिची मागासवर्ग कक्षाकडून झालेली तपासणी, आणि सर्व निवड झालेल्यांची प्रवर्ग, गुण व कोणत्या जागेवर निवड हे दाखवणारी यादी. उत्तराला तीस दिवस असतात. उत्तर येण्यासाठी मॅटचा अर्ज थांबवू नका, नंतरही कागद जोडता येतात. अभ्यासिकेतल्या दोघींनी आपापल्या जन्मतारखेचा दाखला स्वतःहून दिला तर निम्मं काम होईल.

वर्गणीच्या केसमध्ये जाऊ नका. त्या मुलांबद्दल मला वाईट वाटतं, वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेल्यांना एवढं जवळ येऊन परत जावं लागणं सोपं नाही. पण 'सगळ्यांना सामावून घ्या' ही मागणी कायद्यात बसत नाही. प्रतीक्षा यादी हा भरतीचा कायमचा साठा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये गुजरातच्या अभियंत्यांच्या प्रकरणात म्हटलंय आणि जाहिरातीपेक्षा जास्त पदं त्या यादीतून भरता येत नाहीत, हे 1996 मध्ये प्रेम सिंग प्रकरणात. नंतर निर्माण झालेल्या जागांवर त्या वर्षी पात्र झालेल्यांचाही हक्क असतो. तुमची नेमकी मागणी त्या मोठ्या मागणीत मिसळली तर ती बुडेल. मनात कटुता न ठेवता स्वतंत्र जा.

तीन लाखांच्या गृहस्थाला एक रुपया देऊ नका, फोनही उचलू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि तुमची स्वच्छ बाजू एका व्यवहाराने मातीला मिळेल. पुन्हा विचारणा झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण वर्गणीचा विचार त्यातूनच आला असावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा आणि मॅटमध्ये सेवाविषयक प्रकरणं चालवणारे वकील हवेत असं स्पष्ट सांगा. फौजदारी किंवा जमिनीची कामं करणारे वकील हुशार असले तरी बिंदुनामावली आणि समांतर आरक्षण हे रोजच्या सरावाचं काम आहे.

पुढची जाहिरात आली तर अर्ज जरूर भरा. त्याने इथला दावा सोडला असं होत नाही. उलट न भरण्यातच धोका आहे, कारण मॅटचा निकाल कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही आणि 43 ची मर्यादा थांबत नाही. फक्त अर्ज भरताना एक काळजी घ्या: मॅटमध्ये प्रकरण प्रलंबित असल्याचं कुठे विचारलं असेल तर खरं लिहा. आणि वकिलांना सांगून मॅटच्या अर्जात आणखी एक ओळ घाला, की प्रकरण चालू असताना तुमची वयोमर्यादा उलटली तर त्या कारणावरून या पदावरची नियुक्ती नाकारू नये. यादीचं कलम, राजीनाम्याची तारीख आणि दोघी मैत्रिणींचा होकार हाती आला की पुढचं पत्र मला नको, थेट वकिलांना दाखवा.